पोस्टफिक्सच्या हातातून डव्हकॉटच्या हातात: पतपेढीच्या मेलचा माझा अनुभव

मेल सर्व्हरने समोरच्या सर्व्हरला '२५० ओके' म्हटले की त्या क्षणापासून ते पत्र आपल्या जबाबदारीवर असते. पाठवणाऱ्याचा सर्व्हर आपली प्रत रांगेतून काढून टाकतो. पुढे ते पत्र आपल्याकडे कुठे अडकले तर ते पोचवायचे किंवा रीतसर परत करायचे, हे आपलेच काम. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पोचवण्याचे काम पोस्टफिक्स या पत्रे घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रामकडून काढून दुसऱ्या प्रोग्रामकडे देताना मला काळजी होती ती एवढीच.

दादरमधल्या एका सहकारी पतपेढीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. सभासदांचे कर्ज अर्ज, जामीनदारांची कागदपत्रे, ठेवींच्या मुदतीची विचारणा, शाखांची रोजची पत्रके असे सगळे त्यावर येते. व्यवस्था जुनी होती. पोस्टफिक्स पत्र घेणार आणि स्वतःच प्रत्येकाच्या एमबॉक्स फाइलच्या शेवटी जोडणार. पोस्टफिक्सबद्दल माझी तक्रार नाही. १९९८ साली आयबीएममध्ये असताना वित्से व्हेनेमा यांनी तो खुला केला, आणि एकेका कामाला एकेक छोटा प्रोग्राम ही त्याची मांडणी आजही मला फार आवडते. पण त्याचा स्थानिक पोचवणारा पत्र पेटीत टाकतो आणि थांबतो. विषय पाहून फोल्डर निवडणे, रजेवर असताना उत्तर धाडणे ही कामे त्याची नव्हेत. त्यात एमबॉक्स म्हणजे सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये. नवे पत्र येत असताना कोणी जुने पुसत असेल तर एकाला कुलूप उघडेपर्यंत ताटकळावे लागते. कर्ज विभागाची फाइल इतकी फुगली होती की सकाळी दहाला सगळे एकदम मेल उघडायला लागले की खोळंबा ठरलेला.

फोल्डरनिहाय वाटणीसाठी पूर्वी कोणी प्रॉकमेल हा पत्रे वाटणारा प्रोग्राम बसवून पाहिले होते. तो प्रोग्राम वाईट नाही, पण त्याची ३.२२ ही आवृत्ती २००१ची, आणि आमच्यासारख्यांसाठी खरी अडचण वेगळीच आहे. विषय मराठीत असला की तो मेलमध्ये बेस६४ करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलून, प्रवास करतो, आणि प्रॉकमेल त्या कच्च्या ओळीशीच ताडून पाहतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, मोकळी जागा किंवा इंग्रजी अक्षर एका बाइटचे. बेस६४ तीन-तीन बाइटचे गट करतो. म्हणजे 'कर्ज' या शब्दाआधी किती एकबाइटी चिन्हे आली यावर त्याचे रूप बदलते, आणि एकाच शब्दाची तीन रूपे तयार होतात. असे नियम लिहून ठेवायचे आणि पुढच्याने ते वाचायचे, हे मला मान्य नव्हते.

म्हणून डव्हकॉट. टिमो सिराइनेन यांचा हा आयमॅप सर्व्हर, म्हणजे पेटीतली पत्रे वाचायला देणारा प्रोग्राम, २००२ पासून आहे, आमच्याकडे वाचण्यासाठी तो होताच. त्याच्याबरोबर पत्र पोचवणारा एलडीए प्रोग्राम येतो आणि पिजनहोल हा जोडभाग लावला की सीव्ह या पत्रे वाटण्याच्या भाषेतले नियम चालतात. सीव्हचे प्रमाण, आरएफसी ५२२८, सरळ सांगते की शीर्षओळ आधी उकलून यूटीएफ-८ करायची आणि मग तुलना करायची. नियमात 'कर्ज' असे मराठीतच लिहायचे, बस्स.

जोडणीची जागा पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ फाइलमध्ये आहे: मेलबॉक्स_कमांड. तिथे एलडीएचा पूर्ण मार्ग द्यायचा, -एफ पुढे पाकिटावरचा पाठवणारा, -ए पुढे मूळ प्राप्तकर्ता. पोस्टफिक्स हा प्रोग्राम ज्याचे पत्र त्याच्याच हक्कांनी चालवतो. अपवाद रूटचा, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. रूटच्या नावाने आलेल्या पत्रासाठी तो नोबडीसारखा बिनहक्काचा वापरकर्ता घेतो, त्यामुळे रूटला आधी एलियस फाइलमधून खऱ्या माणसाकडे वळवावे लागते. सर्व्हरचे स्वतःचे इशारे याच नावाने येतात, म्हणून मी ते पहिल्यांदा केले.

आता पोस्टफिक्स आणि एलडीए या दोघांत बोलणे होते ते फक्त एका आकड्याने. दप्तरातला शिपाई लिफाफा घेऊन जातो आणि टपालवहीवर सही घेऊन येतो, तसा हा बाहेरचा प्रोग्राम संपताना एक कोड परत देतो. शून्य म्हणजे पोचले. ७५ म्हणजे आत्ता जमले नाही, पुन्हा या. पोस्टफिक्स ते पत्र रांगेत ठेवतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस प्रयत्न करत राहतो. दुसरा बहुतेक कुठलाही कोड आला की तो कायमचा नकार समजतो आणि पत्र पाठवणाऱ्याला परत जाते. साधे उदाहरण घ्या. एलडीए डेबियन लिनक्सवर एका फोल्डरमध्ये असतो, रेडहॅटच्या कुळात दुसऱ्या. मार्ग चुकीचा दिला तर प्रोग्राम सापडत नाही, आणि जो कोड येतो तो ७५ नसतो. एका अक्षरासाठी सभासदाचा अर्ज 'तुमचे पत्र पोचवता आले नाही' अशा इंग्रजी मजकुरासह त्याच्याकडे परत. सांगलीच्या किंवा लालबागच्या माणसाने त्यातून काय समजायचे?

यावर पोस्टफिक्समध्येच उपाय आहे आणि तो सगळ्यांनी वापरावा असे मला कळकळीने वाटते: सॉफ्ट_बाउन्स = यस. हे चालू असेपर्यंत कायमचे नकार तात्पुरते होतात, पत्रे परत न जाता रांगेतच थांबतात. सगळे बदल मी याच्या आडोशाने केले.

दुसरा आडोसा म्हणजे मेलबॉक्स_कमांड_मॅप्स. यात एकेका माणसासाठी वेगळी कमांड देता येते आणि पोस्टफिक्स हा तक्ता सर्वसाधारण मेलबॉक्स_कमांडच्या आधी पाहतो. तक्त्यात मी फक्त माझे नाव घातले. पेढीत बाकी कोणाला काही कळलेही नाही, माझी पत्रे मात्र डव्हकॉटमधून मेलडिरमध्ये जाऊ लागली. मेलडिरमध्ये प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते. आधी टेम्प फोल्डरमध्ये पूर्ण लिहायची, मग न्यू मध्ये सरकवायची. कुलपाचा प्रश्नच मिटतो.

पहिली अडचण लॉगची, म्हणजे नोंदवहीची, आली. डव्हकॉटचा लॉग रूटच्या मालकीच्या फाइलमध्ये जात होता आणि एलडीए चालतो माझ्या हक्कांनी. त्याला लॉग उघडता येईना, म्हणून तो ७५ देऊन थांबला. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'डिफर्ड' शब्द आणि शेजारीच एलडीएने काय म्हटले ते छापलेले. डव्हकॉटला सिसलॉगवर, म्हणजे यंत्राच्या सामाईक नोंदीवर, वळवले, पोस्टक्यू -एफ ने रांग हलवली आणि थांबलेले पत्र आत आले. बाहेरच्या प्रोग्रामने ७५ म्हणणे किती महत्त्वाचे आहे ते इथे दिसते. तो 'मला जमत नाही' एवढेच म्हणाला, पत्र जिथे होते तिथेच सुरक्षित राहिले.

एलडीए नीट चालू लागल्यावरही मी तिथे थांबलो नाही. प्रत्येक पत्रामागे नवा प्रोग्राम सुरू करायचा आणि बंद करायचा, यापेक्षा एलएमटीपी बरा. हा एसएमटीपीचाच, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचाच, घरगुती भाऊ, आरएफसी २०३३, १९९६चा. यात एकच प्रोग्राम जागा राहतो, आणि पत्राचा मजकूर संपल्यावर प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी वेगळे उत्तर देतो. तिघांना आलेल्या पत्रात एकाची पेटी भरलेली असेल तर दोघांना पोचले आणि तिसऱ्याचे नाही, हे पोस्टफिक्सला नेमके कळते.

डव्हकॉटचे एलएमटीपी सॉकेट, म्हणजे दोघांच्या बोलण्याचे दार, पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या (रांगेच्या जागेतल्या) प्रायव्हेट फोल्डरमध्ये ठेवायचे, कारण पोस्टफिक्सचा ग्राहक भाग अनेकदा त्या फोल्डरच्या चौकटीतच कोंडलेला असतो. सॉकेटची मालकी पोस्टफिक्स वापरकर्त्याला द्यायची. मग मेलबॉक्स_ट्रान्सपोर्टमध्ये त्याचा पत्ता. इथेही एकेकट्यासाठी मेलबॉक्स_ट्रान्सपोर्ट_मॅप्स आहे, आणि पुन्हा पहिले नाव माझेच.

उत्तर आले ५५०, असा वापरकर्ता नाही. पोस्टफिक्सने पूर्ण पत्ता दिला होता, आणि डव्हकॉट 'नाव ॲट डोमेन' या पूर्ण नावाचा माणूस यंत्रावर शोधत होता. सॉफ्ट_बाउन्स नसता तर ते पत्र परत गेले असते. डव्हकॉटच्या ऑथ_युजरनेम_फॉरमॅटमध्ये फक्त ॲटच्या आधीचा भाग, तोही लहान अक्षरांत, घ्यायला सांगितले आणि काम झाले. आणखी एक सांगतो: सीव्हचे प्लगइन एलडीएच्या विभागात लिहिले असले तरी एलएमटीपीच्या विभागात ते पुन्हा लिहावे लागते. नाहीतर पत्रे पोचतात, पण नियम एकही चालत नाही.

बाकीच्यांच्या पेट्या हलवण्यासाठी चौथा शनिवार धरला, त्या दिवशी पेढी बंद असते. एमबॉक्समधून मेलडिरमध्ये नेण्याचे काम डव्हकॉटच्याच डव्हअॅडम सिंक या आज्ञेने केले. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही, वाचलेल्या-न वाचलेल्या खुणांसकट सगळे आले. दुसऱ्या दिवशी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता, म्हणून रविवारची तपासणी मुलुंडच्या घरूनच केली.

सोमवारी सगळ्यांनी नियम मागायला सुरुवात केली आणि तिथे एक गोष्ट निघाली, जी मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कर्ज विभागाच्या मॅडमना कऱ्हाड शाखेची पत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये हवी होती. नियम केला, पण निम्मी पत्रे इनबॉक्समध्येच. मॅडम म्हणाल्या, "अहो, विषय तर दोन्हींचा सारखाच दिसतोय!" दिसत होता खराच, पण आत वेगळा होता. आपला हा आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकच, पण सीव्ह बाइट ताडतो, त्याला ते वेगळे शब्द. 'कर्मचाऱ्यांसाठी', 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्यांची' या सगळ्यांना हेच लागू. उपाय म्हणजे नियमात एनीऑफ ('यांपैकी कुठलेही') घालून दोन्ही रूपे लिहायची. दुसरे रूप हाताने टाइप करत बसू नका, आलेल्या पत्राच्या विषयातूनच उचला. निम्मी पत्रे इनबॉक्समध्ये तरी सापडली, कारण कुठलाच नियम लागला नाही तर पत्र इनबॉक्समध्ये ठेवायचे असे सीव्ह मानते. नियमात चूक निघाली तरी तसेच. ही सोय ज्यांनी ठरवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सगळ्या पेढीसाठीचे सामाईक नियम मी रूटच्या मालकीच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. ते बदलले की सीव्हसी हा संकलक चालवून आधीच संकलित करून ठेवावे लागतात, कारण पत्र पोचवताना त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क कोणाला नसतो.

रांग काही दिवस शांत दिसल्यावर सॉफ्ट_बाउन्स काढून टाकला. तो कायम ठेवणेही बरोबर नाही. चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकणाऱ्या सभासदाला मग चूक ताबडतोब कळतच नाही, त्याचा सर्व्हर दिवसेंदिवस दार ठोठावत राहतो. पेटी भरली असेल तर मात्र नकार तात्पुरताच जावा असे डव्हकॉटला सांगून ठेवले आहे: कोटा_फुल_टेम्पफेल = यस. त्यामुळे पेटी भरली की पत्रे रांगेत दिसतात, मी त्या माणसाला फोन करतो, तो जुनी जोडपत्रे काढतो आणि अडलेली पत्रे आत येतात.