साडेसात की पावणेचार?

ट्राय-एक्स ४०० ही कोडॅकची ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म, ती डेव्हलप करायचं केमिकल (डेव्हलपर) एचसी-११०, डायल्युशन बी म्हणजे १ भागाला ३१ भाग पाणी (१+३१), २० अंश. कोडॅकच्या जुन्या तक्त्यात वेळ साडेसात मिनिटं. पुढे फिल्म ४००टीएक्स म्हणून आली, नवा तक्ता निघाला आणि वेळ झाली पावणेचार. चक्क निम्मी! फिल्म बदलली म्हणावं, तर डी-७६ या कोडॅकच्याच दुसऱ्या डेव्हलपरमधली वेळ ८ वरून फक्त पावणेसातवर आलीय. वर तोच तक्ता बजावतो की ५ मिनिटांच्या आत डेव्हलप केलं तर फिल्मवर डागाळल्यासारखं होऊ शकतं. कुणी पावणेचारला छपाईची चूक म्हणतं, कुणी तेच प्रमाण मानतं. मी त्या आकड्याच्या वाटेला जात नाही.

इलफर्ड या दुसऱ्या कंपनीच्या एचपी-५ प्लस फिल्मच्या तक्त्यात आणखी मजा. इलफर्डचा डेव्हलपर आयडी-११ आणि कोडॅकचा डी-७६ यांचं छापील सूत्र एकच: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. पाणी न वाढवता वापरलं तर दोघांनाही साडेसात मिनिटं. १+१ (एक भागाला एक भाग पाणी) केलं की आयडी-११ ला १३, डी-७६ ला ११. म्हणजे डी-७६ जास्त चपळ? तर १+३ ला आयडी-११ ला २० आणि डी-७६ ला २२! पाकिटातल्या पावडरीत थोडंफार इकडंतिकडं असेल, पण त्यानं असं आलटून पालटून का व्हावं?

मला विचाराल तर या आकड्यांची आपसात तुलना करणंच फोल आहे. प्रत्येक कंपनीच्या मनात 'बरोबर' निगेटिव्ह वेगळी असते. इलफर्ड सरासरी कॉन्ट्रास्ट ०.६२ धरते, कोडॅक साधारण ०.५६ ते ०.५८, आणि दोघींची मोजायची रीतही निराळी. कोडॅक दर ३० सेकंदांनी टाकी हलवायला सांगते, इलफर्ड दर मिनिटाला पहिल्या १० सेकंदांत ४ वेळा उलटायला. साबुदाण्याच्या पाकिटावर भिजवायची वेळ छापतात ना, तसंच हे. सुरुवात तिथून करायची, इतकंच.

त्यातून आमचं ठाणं. एप्रिलमध्ये नळाचं पाणी तिशीच्या आसपास असतं. २० अंशांसाठी बर्फाशी झोंबण्यापेक्षा मी २४ वर काम करतो. दर अंशाला वेळ साधारण १० टक्के कमी करायची, म्हणजे २४ ला जवळजवळ एक तृतीयांश गेली. पावणेचारची झाली अडीच मिनिटं! टाकीत केमिकल ओतून परत काढेपर्यंतच त्यातले वीस-तीस सेकंद जातात. आणि हो, १३ आणि ११ वरून भांडणाऱ्यांनी आधी आपला थर्मामीटर तपासावा. तो दीड अंशानं खोटा असला की तेवढाच फरक पडतो.

माझी पद्धत साधी. समोरच्या इमारतीत एक काकू पांढऱ्या चादरी वाळत घालतात, खाली जिन्याची काळोखी जाळी. दुपारच्या उन्हात त्या एकाच दृश्यानं अख्खा रोल भरायचा, आयएसओ ४०० ला. मग पूर्ण अंधारात कापून प्रत्येक तुकडा कमी-जास्त मिनिटं डेव्हलप करायचा. तापमान आणि हलवणं तेच. जाळीत तपशील येणं हे एक्स्पोजरच्या हातात, चादरीच्या सुरकुत्या डेव्हलपिंगच्या. ग्रेड २ च्या (मध्यम कॉन्ट्रास्टच्या) कागदावर प्रिंट काढली की ज्या तुकड्यात सुरकुत्या दिसतात ती आपली वेळ. सुरकुत्या जाऊन नुसता कागद उरला तर वेळ जास्त झाली, चादर मळकी वाटली तर कमी.

एचपी-५, डी-७६ १+१, २४ अंशांना हिशेबानं सव्वासात मिनिटं येतात. मला साडेसहा पुरतात, कारण माझा एनलार्जर (निगेटिव्हवरून प्रिंट काढायचं यंत्र) जुना, कंडेन्सरचा म्हणजे भिंगांतून थेट प्रकाश टाकणारा आहे आणि तो कॉन्ट्रास्ट वाढवतो. तुमचा डिफ्युजनचा, म्हणजे पसरलेल्या प्रकाशाचा असेल तर माझ्या साडेसहात प्रिंट फिकी येईल.

एचसी-११० सोडवत नसेल तर बी ऐवजी त्याच्या दुप्पट पातळ करा, १+६३. बरेच जण याला डायल्युशन एच म्हणतात. वेळ साधारण दुप्पट लागते, त्यामुळे पावणेचार धरूनही २० अंशांना साडेसात मिनिटं हातात येतात. २४ ला मात्र पुन्हा पाचाच्या काठावर, तेव्हा ट्राय-एक्सपुरता बर्फ काढा.