तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या थंडीत कासवाची पिल्लं मरत कशी नाहीत?

ओटावाला राहते म्हटलं की लोक आधी थंडीचं विचारतात, आणि मी तळ्यावरच्या कासवांचे फोटो टाकत असते म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला: उणे पंचवीसमध्ये ती एवढीशी पिल्लं जगतात कशी? रत्नागिरीची मावशी तर दर फोनला विचारते, तिने वेळासला पाहिलेली पिल्लं वाळूतून निघाली की तडक समुद्राकडे पळतात ना.

इथली पेंटेड टर्टलची पिल्लं पळत नाहीत. जूनमधली अंडी ऑगस्ट-सप्टेंबरात फुटतात, रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं निघतात आणि तिथेच, वीतभरसुद्धा खोल नसलेल्या खड्ड्यात एकमेकांना चिकटून वसंतापर्यंत बसतात, खाणं नाही काही नाही, पोटात उरलेल्या बलकावर. स्नॅपिंग टर्टलची पिल्लं मात्र बहुतेक थंडीआधीच पाणी गाठतात, त्यांना गोठणं झेपत नाही.

रक्तात अँटीफ्रीझ असेल ना, असं सगळे म्हणतात. खरी गंमत वेगळीच आहे. गाडीत रात्रभर राहिलेली पाण्याची बाटली कधीकधी शून्याखाली जाऊनही पातळच असते, आणि उचलून जरा आपटली की डोळ्यांदेखत वरपासून खालपर्यंत पांढरी होते, कारण गोठायला कुठूनतरी सुरुवात व्हावी लागते. पिल्लं ती सुरुवातच होऊ देत नाहीत. हिवाळ्याआधी पोटातली माती, कवचाचे तुकडे साफ होतात, कातडी बाहेरचा बर्फ आत शिरू देत नाही, आणि मग उणे दहाच्या खालीही अंगातलं पाणी पाणीच राहतं.

आणि गोठलंच तर? 1988 साली इथल्याच कार्लटन युनिव्हर्सिटीच्या केन आणि जॅनेट स्टोरी यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की साधारण उणे चारपर्यंत अंगातलं निम्मं पाणी बर्फ झालं, हृदय थांबलं, तरी वितळल्यावर पिल्लू परत हलायला लागतं. बर्फ पेशींच्या बाहेर होतो म्हणून हे जमतं. निसर्गात यातलं नक्की कुठलं कामी येतं यावर शास्त्रज्ञ नंतर कितीतरी वर्षं भांडले, मला विचाराल तर पहिलंच, कारण उणे चार ही इथे काही थंडीच नाही.

आणि हो, भरपूर स्नो पडला तर उलट बरं, खालची माती दुलईत असल्यासारखी राहते. कोरडी कडाक्याची थंडी वाईट.

मावशी म्हणते, घरात आणून ठेव की गं. नाही आणत. उबेत ती जागी होतील, आणि मेपर्यंत पुरवायचा बलक जानेवारीतच संपवून बसतील.