किंडर स्काउट, जानेवारी, आणि रांगेत शेवटचा नंबर

ग्रुपवर रूट टाकला तेव्हा पहिला रिप्लाय आला "६३६ मीटर? बस्स?" आणि खाली हसणाऱ्या स्मायल्यांची ही रांग. आता आमच्यातले अर्धे लोक नाशिक-नगरकडचे, कळसूबाई १६४६ मीटर, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला, त्यामुळे मँचेस्टरपासून पाऊण तासाच्या ट्रेनवर असलेला हा डोंगर त्यांना शतपावली वाटला तर नवल नाही. पण ज्याला आम्ही सगळे सरपंच म्हणतो (प्रत्येक प्लॅनचा निर्णय त्याचाच, म्हणून), त्याने शांतपणे एकच ओळ टाकली, "उंची सोडा, सूर्यास्त सव्वाचारला आहे." मग जरा ग्रुप गप्प झाला.

किंडर स्काउट हा इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला सगळ्यात उंच भाग. पण त्याला शिखर असं काही नाहीच, वर आहे ते मैलोन्‌मैल सपाट पठार, झाड नाही, घर नाही, नुसतं हेदरचं करडं-तपकिरी झुडूप, गवत, आणि खाली पीट. पीट म्हणजे हजारो वर्षं नीट न कुजलेल्या शेवाळाचा काळा, ओला थर, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारा, आणि किंडरवर तो काही ठिकाणी दोन-तीन मीटर जाड आहे. पाण्याने त्यात घळी पडल्यात, डोक्याइतक्या खोल, त्यात उतरलं की चारी बाजूंनी सारखंच दिसतं. सह्याद्रीत चुकलो तर एखादा मामा गुरं घेऊन भेटतो, बाण रंगवलेले असतात, खाली वाडीतला कुत्रा भुंकतो. इथे ढग खाली आला की कोणी नाही.

तयारीचा भाग पटकन सांगते कारण तो बोअर आहे पण महत्त्वाचा आहे. जीन्स बंद, ती भिजली की वाळत नाही आणि अंगातली सगळी ऊब खाते. थर्मल, फ्लीस, वरून वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, दोन जोड हातमोजे, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत, प्रत्येकाकडे हेडटॉर्च (फोनचा टॉर्च चालणार नाही, यावर अर्धा तास वाद), शिट्टी, आणि ग्रुपमध्ये दोन तरी केशरी सर्व्हायव्हल बॅग (अख्खा माणूस आत शिरेल अशी ऊब धरणारी पिशवी). ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा डार्क पीकचा (पीक डिस्ट्रिक्टच्या या भागाचा) कागदी नकाशा आणि होकायंत्र. वेळेचा हिशोब सरपंचाने नेस्मिथच्या नियमाने केला, हा १८९२ चा जुना नियम आहे पण अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमचं अंतर साधारण पंधरा किलोमीटर, चढ पाचशेच्या आसपास, म्हणजे कागदावर चार तासांच्या आत. त्याने त्यात दोन तास वाढवले. एक जण म्हणाला एवढे कशाला, तर म्हणे आठ जणांचं चेन लावणं, शू, फोटो, चहा, हे नेस्मिथने धरलेलं नाही.

आणि एक अट, दुपारी एकपर्यंत पठारावरच्या किंडर लोच्या ट्रिग पॉइंटला (सर्व्हेवाल्यांनी मोजणीसाठी बांधलेला खांब) पोचलो नाही तर जिथे असू तिथून मागे. चर्चा नाही.

मला काम मिळालं शेवटी चालण्याचं. ऐकायला कमीपणाचं वाटतं. पुढे सरपंच, त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती, बाकीचे मध्ये, आणि माझ्या मागे कोणीही नसायचं. सगळ्यात हळू म्हणजे आमच्या वहिनी, हिंगणघाटवाल्या दादांच्या मिसेस, ऑक्टोबरमध्येच इकडे आलेल्या, नवे कोरे बूट. त्यांना पुढे घेतल्यावर त्या आधी संकोचल्या, पण हळू माणूस मागे ठेवला की पुढचे थांबतात, तो पोचला की पुढचे लगेच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती कधी मिळत नाही.

एडेल स्टेशनला उतरलो तेव्हा नुकतं नीट उजाडलं होतं. गावातून अप्पर बूथच्या दिशेने शेतांमधून सरळ वाट आहे, इथूनच पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते, सुमारे ४३० किलोमीटर, थेट स्कॉटलंडमधल्या कर्क येटमपर्यंत. वाटेत गोठलेला चिखल, मेंढ्या, फाटकं. मग छोटा दगडी पूल आणि जेकब्ज लॅडर नावाचा पायऱ्या-पायऱ्यांचा चढ, दम काढतो पण इथेच आमची सह्याद्री पार्टी खूश, गाणी सुरू, "हा तर आपल्या हरिहरचा धाकटा भाऊ" वगैरे. सरपंच काही बोलला नाही. मला कळलं की तो वर ढगाकडे बघतोय.

चढ संपतो तिथून वाऱ्याची सुरुवात होते. फोरकास्टमध्ये वर शून्याच्या आसपास आणि वारा धरून उणे सात-आठ दाखवलं होतं, ते आकडे वाचणं वेगळं आणि गालावर घेणं वेगळं. गाणी आपोआप बंद. एका ठिकाणी खडकांच्या आडोशाला थांबून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांत नुकतीच झाली होती म्हणून तिळाच्या वड्या वाटल्या, हातमोजे काढून खाल्लं तर बोटं दोन मिनिटांत कामातून जायची, म्हणून एक जण हातमोज्यासकट खात होता आणि लोकरीला चटणी. तिथेच पांढरा ससा दिसला, माउंटन हेअर, हिवाळ्यात तो पांढरा होतो, बर्फात लपायला. पण बर्फ नव्हताच त्या दिवशी. सगळं तपकिरी आणि त्यात हा शुभ्र, शंभर मीटरवरून दिसत होता आणि त्याला वाटत होतं आपण लपलोय, दगडासारखा बसून राहिला होता बिचारा.

ट्रिग पॉइंटला पोचलो साडेबाराला. दादा इतिहासाचे शौकीन, त्यांनी तिथे वाऱ्यात ओरडून सांगितलं की ही जागा पूर्वी जमीनदारांची शिकारीची, सामान्य माणसाला बंदी. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडची काहीशे कामगार पोरं पलीकडच्या हेफील्डमधून जबरदस्ती वर आली, त्यांचा पुढारी बेनी रॉथमन, वय वीस, पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट. आणि मग दादांनीच अजून एक जोडलं जे माझ्या डोक्यातून जात नाहीये. या पठारावरचं शेवाळ, स्फॅग्नम, ज्याने हा पीट बनतो आणि जे स्पंजासारखं पाणी धरतं, ते शंभर-दीडशे वर्षांत जवळजवळ मेलं, मोठं कारण मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांचा धूर, त्याचा आम्ल पाऊस. शेवाळ गेलं, मग उघडा पीट वाहून गेला, म्हणून या घळी. आणि त्या लँकेशायरच्या गिरण्यांत वऱ्हाडचा, हिंगणघाटचा कापूस यायचाच की. दादा हसत म्हणाले, "म्हणजे आमच्या आज्याच्या कापसानंच हे केलं का काय." आता तिथे घळींमध्ये दगडाचे छोटे बांध घालतात, शेवाळाची रोपं हाताने लावतात, आम्हाला वाटेत असे बांध दिसले, मागे पाणी साचलेलं, कडेला हिरवट-पिवळा ओला गालिचा. मस्त वाटलं.

एवढं होईपर्यंत ढग बसला. बसला म्हणजे खरंच बसला, ट्रिग पॉइंटपासून पंधरा पावलांवर उभा असलेला माणूस नुसता जॅकेटच्या रंगावरून ओळखायचा. एकाच्या फोनची बॅटरी चाळीस टक्के दाखवत होती आणि थंडीने एकदम बंद. सरपंचाने नकाशा काढला, होकायंत्र लावलं, आणि ठरवलं की परत मागे, वाटेत लागलेल्या एडेल रॉक्स या खडकांपर्यंत यायचं आणि तिथून पठाराच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे, नो स्टूल, पिम चेअर, वूलपॅक्स असे मोठे खडक एकामागून एक लागतात ते धरत. पठार मधून कापायचं नाही. एक जण म्हणाला मधून तर जवळ पडेल. सरपंच म्हणाला, "जवळ पडेल, पण कुठे पडेल ते सांग."

आणि मोजणी. दर काही मिनिटांनी पुढून "एक", मग "दोन", आणि शेवटी मी ओरडायचे "आठ". वाऱ्यात चार आणि पाच ऐकूच येईना, मग एकमेकांच्या सॅकला हात लावून मोजायला लागलो. मागे चालताना सगळ्यांच्या चालण्याची पद्धत कळते बरं का, कोण गप्प झालंय, कोण अडखळतंय, कोणाने टोपी सारखी मागे केलीय. एक मित्र नेहमी बडबड्या, तो दहा मिनिटं काही बोलला नाही हे मला मागून कळलं, थांबवलं, तर हात थरथरत होते आणि चेन लावता येत नव्हती. गरम चहा, दोन वड्या, कोरडे हातमोजे, सर्व्हायव्हल बॅगमध्ये पाय घालून पाच मिनिटं बसवला. मग परत बडबड सुरू झाली, आणि ती ऐकून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

वूलपॅक्सला वाऱ्याने झिजवलेले गोलमटोल प्रचंड दगड ढगातून एकेक बाहेर येतात, मधूनमधून काळा पीट. तिथे वहिनींचा पाय गेला. वरून घट्ट दिसत होतं, पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत. "अरे बाप्पा, माहा पाय गेला नं!" दादा धावले तर सरपंचाने त्यांना अडवलं, दोघंही आत जायला नकोत. पीट ओढतो, तुम्ही जितकं जोरात खेचाल तितकं तो बूट धरून ठेवतो. वहिनींना मागे बसायला सांगितलं, दोघांनी काखेतून धरलं, पाय हळूहळू गोल फिरवत वर, पाय आला, बूट नाही. मग मी आडवी झोपून खांद्यापर्यंत हात घातला. आत इतकं थंड की बोटांना बूट लागला हे कळलं नाही, लेस लागली म्हणून कळलं. बाहेर आला तेव्हा आवाज झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण सगळे हसले, वहिनी सगळ्यात जास्त. कोरडा मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी प्लॅस्टिक पिशवी, मग तोच ओला बूट. पिशवीने पाय कोरडा राहतो, ही युक्ती इथल्या एका म्हाताऱ्या वॉकरने मागे कधीतरी सांगितली होती.

क्राउडन क्लफला ओढ्याच्या काठाकाठाने थेट खाली उतरायचा मोह होता, पण खडकांवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा, म्हणून लांबच्या वाटेने ग्राइंडस्लो नोल या टेकाडाकडे. झुडपात लाल ग्राउस पक्षी ओरडत होते, त्यांचा आवाज अगदी "गो-बॅक, गो-बॅक" असा येतो, वहिनी म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतं की रे." तिथून उतार सुरू झाला आणि ढगाखाली आलो, खाली एडेलचे दिवे, पावणेचार. उतारावर गुडघ्यांचं काय झालं ते ज्याचं त्याला माहीत. गावाच्या गल्लीत हेडटॉर्च लावले, खरी गरज तिथेच पडली, फुटपाथ नाही आणि गाड्या येतात.

स्टेशनजवळच्या पबमध्ये वहिनी तो ओला बूट दारात काढून, एका बुटात आणि एका ब्रेडच्या पिशवीत शिरल्या. काउंटरमागच्या बाईंनी बघितलं, काही नवल केलं नाही, कोपऱ्यातल्या चिखलाच्या बुटांच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि विचारलं, चिप्स किती? ट्रेनला अजून वेळ होता. आम्ही चार प्लेट सांगितल्या, मग अजून चार.