रात्री बारानंतरची गाडी आणि तिकिटावरची तारीख : जालना ते मुंबई

गाडी तुमच्या स्टेशनवर रात्री बारानंतर येत असेल तर तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख पाहिजे. शनिवारी रात्री जेवून घर सोडणार असाल तरी तिकीट रविवारचं. पहिल्यांदा रात्रीच्या रेल्वेने निघणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचावं. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. त्यापायी भाच्याने परीक्षेच्या आदली रात्र जनरलच्या डब्यात, संडासाच्या दाराशी काढली.

भाचा अठरा वर्षांचा. रेल्वेत कधी बसलेला नाही. १४ डिसेंबरला, रविवारी दुपारी दोनला मुंबईत त्याचा पेपर. बहिणीने मला सोबत जायला सांगितलं. आम्ही अंबडचे, म्हणजे रेल्वे गाठायची तर जालना. गावात तिकिटं काढून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे गेलो. त्याला स्वच्छ सांगितलं, शनिवारी रात्री निघायचंय, सकाळी मुंबईत पोचायचंय. त्याने शनिवार, १३ तारीख टाकली. जालन्याची वेळ ००:२५. दोन स्लीपर, दोन्ही वरचे बर्थ, कन्फर्म. वरून माणशी दीडशे रुपये घेतले. मीही तिकीट पाहिलं, १३ तारीख पाहिली, शनिवार आहे म्हणून खिशात ठेवलं.

शनिवारी रात्री साडेअकराला आम्ही जालना स्टेशनवर. आमचा एस-४ डबा कुठं लागतो ते बघायला भाच्याने मोबाइल उघडला आणि म्हणाला, "मामा, ही गाडी मुंबईला पोचली म्हणतंय."

मला वाटलं ॲप बिघडलं. फलाटावर एक टीसी साहेब उभे होते, त्यांना तिकीट दाखवलं. त्यांनी एकदा बघून परत दिलं. "भाऊ, तुमची गाडी काल रात्रीच गेली. तेरा तारखेचे बारा पंचवीस म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं होतं. आता येते ती चौदाची."

रेल्वेचं घड्याळ चोवीस तासांचं आहे. २३:५९ नंतर ००:०० झाले की तारीख बदलते. आपल्या बोलण्यात रात्र उजाडेपर्यंत शनिवारचीच असते, रेल्वेच्या लेखी ती बाराला संपते. गाडी सुटून चोवीस तास झालेल्या तिकिटाचा एक रुपया परत मिळत नाही. ते तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढलात तर तुम्ही विनातिकीटच धरले जाता. दंड कमीत कमी २५० रुपये आणि भाडं वेगळं. साहेबांनी हेही सांगितलं आणि म्हणाले, जायचंच असेल तर खिडकीवर जनरलचं तिकीट घ्या. ते माणूस म्हणून चांगले वागले.

रात्रीच्या ट्रॅव्हल्स तोवर निघून गेलेल्या. दोनचा पेपर गाठायचा तर दुसरा रस्ता नव्हता. घेतलं जनरल.

जनरलचे डबे बहुतेक गाड्यांना पुढच्या आणि मागच्या टोकाला असतात. आम्ही फलाटाच्या मध्यावर, स्लीपरच्या जागी उभे होतो. गाडी आल्यावर बॅगा घेऊन मागं पळालो. डब्याच्या दारात माणसं. आत शिरलो म्हणजे दाराच्या आणि संडासाच्या मधल्या जागेत शिरलो, त्याच्या पुढं पाऊल टाकायला जागा नाही. बाकांवर चारच्या जागी सहा, वरच्या फळ्यांवर तीन-तीन, खाली रस्त्यात झोपलेली माणसं. बदनापूर, करमाड मागं पडेपर्यंत वाटलं, निघेल रात्र. छत्रपती संभाजीनगरला तेवढीच माणसं आणखी चढली.

संभाजीनगर ते मनमाड हा तुकडा मी विसरणार नाही. नकाशावर तो ११३ किलोमीटर दिसतो. दार नीट लागत नव्हतं. दौलताबादच्या पुढं डिसेंबरचं वारं सरळ अंगावर. दाराची लोखंडी दांडी इतकी गार की मी हात रुमालात गुंडाळून धरली. दोन्ही पाय एकदम टेकायला जागा नव्हती, एक पाय बॅगेवर, एक खाली. संडासाला जाणारा प्रत्येक माणूस आमच्या अंगावरून जाणार आणि दार उघडलं की वास. भाच्याने हॉलतिकीट आणि आधार कार्डाची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत पोटाशी धरली होती. डोळा लागून त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आदळायचं आणि फाइल घसरली की दचकून जागा व्हायचा.

लासूरच्या अलीकडे गाडी क्रॉसिंगला थांबली. समोरून गाडी यायची, ती निघून गेल्यावर आपली सुटायची. आमची चाळीस मिनिटं अंधारात गेली. गाडी उभी राहिल्यावर वारं थांबलं, पण डब्यात श्वास घेणं अवघड झालं. तिथं खाली पोत्यावर बसलेल्या एका म्हातारीने भाच्याची विजार ओढली. "कामून उभा राहिलास रे लेकरा? टेक की हितं." तिने स्वतः आखडून पोत्याचा कोपरा मोकळा केला. नातवाला घेऊन नाशिकला लेकीकडं निघाली होती. भाचा मनमाडपर्यंत त्या कोपऱ्यावर बसला. त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिथंच एक पाणीवाला आला. बाटलीचे वीस रुपये. रेल नीर म्हणजे रेल्वेचं स्वतःचं बाटलीतलं पाणी, त्याची लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे, अर्ध्या लिटरची ९ ला. त्याच्याकडं रेल नीर नव्हतंच, दुसरंच काही होतं. किंमत दाखव म्हटलं तर वीस द्या नाहीतर ठेवा म्हणाला. बाटली घेऊन पुढं निघालाही. पोरगा तहानलेला, दिले वीस. तुम्ही घरून दोन लिटर पाणी भरून घ्या. रात्रीच्या गाडीत विकत घ्यायची वेळच येऊ देऊ नका. कुणी जास्त पैसे घेत असेल तर रेल्वेच्या १३९ नंबरवर तक्रार करता येते, मी दोन्ही हातांनी दांडी धरून होतो म्हणून केली नाही.

मनमाडला थोडी जागा झाली, नाशिक रोडनंतर बसायला मिळालं. पुढचं इगतपुरी, कसारा मला आठवत नाही, झोपलो होतो. पेपरला पोचलो. भाचा पायांना सूज घेऊन तीन तास बसला.

माझं मत स्पष्ट आहे. रात्री जनरलने जाऊ नका. पेपर, दवाखाना, मरण-धरण असं काही नसेल तर परत घरी जा, दुसऱ्या दिवशीचं बघा. बायका-पोरं, म्हातारं माणूस बरोबर असेल तर मुळीच नाही.

आता तारखेचं पूर्ण सांगतो, कारण ती चूक एका ठिकाणी संपत नाही. मुंबईत एक अख्खी दुपार मी यातच घातली, भाचा पेपर लिहीत होता तेव्हा.

तिकीट काढताना तारीख टाकायची ती तुम्ही जिथं चढणार त्या स्टेशनची. म्हणजे ००:२५ ची गाडी, शनिवारची रात्र, तारीख रविवारची. पण गाडी कुठं आली हे बघताना ॲप सुटण्याची तारीख विचारतं ती गाडी जिथून निघाली तिथली. ती शनिवारीच निघालेली असते, म्हणून तिथं शनिवार निवडायचा. इथं रविवार निवडला तर ॲप अजून न निघालेल्या गाडीचं सांगतं आणि माणूस घाबरतो. तत्काळचं, म्हणजे आयत्या वेळच्या आरक्षणाचंही तसंच. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. पण आदला दिवस मोजतात तो गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या तारखेपासून. रविवारी ००:२५ ला जालन्यात चढायचं असेल तर तत्काळ शुक्रवारी काढायचं. शनिवारी सकाळी बसलात तर एक दिवस उशीर झालेला असतो. साठ दिवस आधीचं आरक्षणही याच हिशोबाने एक दिवस अगोदर उघडतं.

ही अडचण जालन्यापुरती नाही. मराठवाड्यातून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी संध्याकाळी किंवा रात्री निघते आणि वाटेत कुठंतरी बारा वाजतात. एकाच गाडीला परभणीचं तिकीट एका तारखेचं आणि पुढच्या स्टेशनचं दुसऱ्या तारखेचं असू शकतं. म्हणून नांदेडच्या पाहुण्याने "आमचं तेराचं आहे" म्हटलं तर त्याच्या तारखेवर जाऊ नका. आपल्या स्टेशनची वेळ बघा. वेळ ००, ०१, ०२ अशी सुरू होत असेल तर थांबा आणि बोटावर मोजा.

तिकीट स्वतः काढा. रेल्वेच्या तिकिटांच्या साइटवर आधार जोडलेलं स्वतःचं खातं उघडा, तत्काळला आता ते लागतंच. स्वतःच्या खात्यावरून तिकिटं काढून पैशाला विकणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, आणि तारीख चुकली तर तो माणूस भरून देत नाही. आमचा म्हणाला, तुम्हीच शनिवार म्हणालात. संभाजीनगरहून चढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, स्टेशनचं नाव बदलल्यावर कोडही एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन झाला आहे.

ऑनलाइन तिकीट वेटिंगवर राहिलं तर चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी लागल्यावर ते आपोआप रद्द होतं, ते घेऊन चढायचं नाही. आरएसी असेल तर चढा, बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसून जायचं असतं. रात्र मोडते, पण जनरलपेक्षा शंभर पटीने बरं.

परतीचं तिकीट मी स्वतः काढलं, दोनदा तारीख मोठ्याने वाचून. वरचे दोन बर्थ मिळाले, झोपून आलो, सांगण्यासारखं काही नाही. नवख्याने वरचाच बर्थ घ्यावा. बर्थच्या आकड्याला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ बाजूचा खालचा, पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा हक्क आहे, खाली बसलेल्यांना तसं सांगायचं. चपला बर्थच्या टोकाला कागदात गुंडाळून वर ठेवा. हिवाळ्यात शाल नको, घोंगडी घ्या.

जालन्याला गाडी पहाटेच्या अंधारात लागते. गजर अर्धा तास आधीचा लावा, कारण गाडी पुढं निघून जाते आणि उठवायला कुणी येत नाही. उतरल्यावर लगेच बाहेर जाऊ नका, त्या वेळी रिक्षावाले एसटी स्टँडपर्यंतचे तोंडाला येईल ते सांगतात. आम्हाला दोघांचे दीडशे सांगितले. आम्ही प्रतीक्षालयात बसलो, उजाडल्यावर तेच साठात गेलो, आणि अंबडची गाडी स्टँडवर लागलेलीच होती.