बोट लागणाऱ्या आईला घेऊन अलास्का

अलास्काची क्रूझ ठरवायला घेतली की जो भेटेल तो आधी विचारतो, "बाल्कनी घेतली का?" आम्ही घेतली नाही. का घेतली नाही आणि त्याऐवजी काय केलं, ते सविस्तर लिहिते. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुणालाही याचा उपयोग होईल.

आई मूळची देवगडची. तिच्या लहानपणी मुंबईहून गावी जायचं ते बोटीनं. बोट लागण्याचा त्रास तेव्हापासूनचा. आजही घाटाची वळणं सुरू झाली की तिच्या तोंडात आवळासुपारी असते. आणि हिमनदी डोळ्यांनी बघायची हौस मात्र घरात सगळ्यात जास्त तिलाच. बाबांना समुद्राचं काही नाही, पण त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि जिना म्हटला की ते आधी कठडा शोधतात. आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, ते दोघं उन्हाळ्यात आमच्याकडे येणार होते. म्हणजे केबिन निवडायची ती या दोन शरीरांसाठी. हे एकदा मनाशी पक्कं झाल्यावर पुढचं बरंच सोपं गेलं.

पहिला निर्णय केबिनचा नव्हताच, बंदराचा होता. सात रात्रींच्या अलास्का क्रूझ मुख्यतः दोन ठिकाणांहून सुटतात, अमेरिकेतलं सिॲटल आणि कॅनडातलं व्हँकुव्हर शहर. आम्हाला सिॲटल सोयीचं होतं, विमानं भरपूर आणि देश तोच. पण नकाशा उघडून मार्ग बोटानं गिरवला तेव्हा फरक कळला. सिॲटलहून सुटणारी जहाजं सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिक महासागरातून वर जातात. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातात. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे लाटा उठायला जागाच नाही. या वाटेवर सीमोर नॅरोज नावाची अरुंद खिंड आहे. तिथल्या पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता, त्यावर आपटून कित्येक जहाजं बुडाली. ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंग लावून उडवला. आजही तिथला प्रवाह इतका जोराचा असतो की मोठी जहाजं भरती-ओहोटीची वेळ साधूनच खिंड ओलांडतात.

या मार्गावरही एक उघडा पट्टा आहेच. बेट संपलं की क्वीन शार्लट साउंड लागतो, तिथे काही तास महासागराचं पाणी थेट आत येतं. पण काही तास वेगळे आणि अख्खा एक दिवस वेगळा. आईसाठी व्हँकुव्हर ठरलं.

मग व्हिसा. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण बऱ्याच जणांच्या ती लक्षात येत नाही. "आम्ही सिॲटलहून जाऊन सिॲटललाच येणार, मग कॅनडाचा व्हिसा कशाला?" असं वाटतं. पण अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदराला न लागता परत आणू शकत नाही. बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीची असतात. म्हणून सिॲटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, बऱ्याचदा संध्याकाळचे काही तास, थांबतात. भारतीय पासपोर्टवाल्यांना त्यासाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो, तुम्ही जहाजावरून उतरा किंवा उतरू नका. म्हणजे व्हिसा वाचवण्यासाठी सिॲटल निवडण्यात अर्थ नाही.

आई-बाबांनी कॅनडाचा व्हिसा भारतातून निघण्याआधीच काढला. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे मुंबईच्या केंद्रात. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, ठशांचे वेगळे ८५. अमेरिकेत पोचल्यावर अर्ज करू असं म्हटलं असतं तर शिक्क्यासाठी पासपोर्ट ऐन मुक्कामात हातातून गेला असता. आमच्या दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे पासपोर्ट आणि कार्ड एवढं पुरतं. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे, हेही पाहून घेतलं. कारण विमानानं कॅनडात शिरायचं, जहाजावर चढताना व्हँकुव्हरच्या धक्क्यावरच अमेरिकेचं इमिग्रेशन करायचं, आठवड्यानं पुन्हा कॅनडात उतरायचं आणि घरी येताना पुन्हा अमेरिकेत, असा हा ये-जा करणारा प्रवास आहे.

हे सगळं जुळल्यावर केबिनकडे वळलो.

जहाज हलतं ते मुख्यतः दोन तऱ्हांनी. एक डावं-उजवं, एक पुढचं-मागचं टोक वर-खाली. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डावं-उजवं हलणं बरंच आवरतात. पुढचं-मागचं मात्र त्यांना आवरत नाही. म्हणून ज्याला त्रास होतो त्यानं लांबीच्या दृष्टीनं मधोमध आणि उंचीच्या दृष्टीनं खालच्या मजल्यावर राहावं. सी-सॉच्या मधल्या दांड्यावर बसलेलं पोर जसं टोकावरच्यापेक्षा कमी हलतं, तसंच. गंमत म्हणजे याच केबिन स्वस्त असतात. बाल्कन्या बहुतेक वरच्या मजल्यांवर, आणि वर हेलकावा जास्त. एजंट बाई मन लावून नवव्या मजल्यावरची पुढच्या टोकाची बाल्कनी दाखवत होत्या. दृश्य सुंदर असतं यात शंका नाही, पण आईसाठी ती जागा सगळ्यात वाईट.

आता खालचा मजला, मधला भाग ठरला तरी तिथे डझनावारी खोल्या असतात. मी जहाजाच्या मजल्यांचे नकाशे छापून घेतले, एकाच मापाचे. आम्हाला हव्या त्या मजल्याचा कागद, त्यावर वरच्या मजल्याचा, आणि सगळे एकत्र खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात खालच्या खोलीवर वर काय आहे ते आरपार दिसतं. आम्हाला आवडलेल्या एका केबिनच्या बरोबर वर नाट्यगृहाचा मागचा भाग निघाला. दुसरीच्या शेजारी एक कोरा, काहीच न लिहिलेला चौकोन होता. असे कोरे चौकोन बहुधा कर्मचाऱ्यांच्या कामाच्या जागा असतात, पहाटेपासून ढकलगाड्यांची खडखड. केबिनच्या वर केबिन आणि खाली केबिन, असं मिळालं तर रात्र शांत जाते. पोहण्याच्या तलावाच्या किंवा बुफेच्या खालची खोली घेतली तर सकाळी डोक्यावर खुर्च्या सरकतात. अगदी पुढे आणि खाली घेतली तर बंदरात लागताना बाजूला सरकवणारे पंखे घरघरतात. मधलं दार असलेल्या दोन जोडखोल्या कुटुंबाला बऱ्या वाटतात, पण अनोळखी शेजारी आला तर त्याचा टीव्हीही ऐकावा लागतो.

लिफ्टच्या बाबतीत आई आणि बाबा यांच्यात थोडी ओढाताण झाली. लिफ्टसमोर गोंगाट, म्हणून आईला लांब हवं. बाबांना गुडघ्यांमुळे जवळ हवं. लिफ्टच्या मोकळ्या जागेपासून चार-पाच दारं सोडून एक खोली सापडली, बोळाच्या वळणापलीकडची. तिच्यावर दोघांचं एकमत झालं.

खिडकी हवीच होती. बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख असतो, सकाळ झाली ते घड्याळावरूनच कळतं. बाबा पहाटे उठून स्तोत्रं म्हणणारे, त्यांना ते रुचलं नसतं. शिवाय मळमळायला लागलं की दूरच्या क्षितिजावर नजर ठेवली तर आराम पडतो, त्यासाठी आईला बाहेरचं दिसायला हवं. खिडकी निवडताना एक बघा. काही मजल्यांवर खिडकीसमोरच जीवरक्षक होडी टांगलेली असते. दरपत्रकात त्याला 'अडथळा असलेलं दृश्य' म्हणतात आणि पैसे कमी लावतात. आम्ही दोघांनी मात्र त्यांच्या समोरची, बोळाच्या आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली घेतली. रात्री गरज पडली तर दोन पावलांवर. झोपायलाच तर जायचं.

डावी बाजू की उजवी, यावर लोक फार डोकं खपवतात. अलास्कातल्या ग्लेशियर बे नावाच्या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी सावकाश फिरतं, दोन्ही बाजूंना तेवढंच दिसतं. व्हँकुव्हरहून जाऊन व्हँकुव्हरला परत येत असाल तर जाताना जी बाजू समुद्राकडे ती येताना किनाऱ्याकडे. बाजूसाठी जास्त पैसे देऊ नका. त्यापेक्षा जहाज ग्लेशियर बेमध्ये जातं की नाही ते बघा. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, म्हणून सगळ्याच क्रूझ तिथे जात नाहीत. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीनं येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ साली तिथून गेलेल्या दर्यावर्द्यांना खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. आज हिमनदी बघायला सुमारे ६५ मैल आत जावं लागतं. ते ऐकताना बाबा टोपी काढून उभे होते.

'गॅरंटी' नावाचा एक स्वस्त दर असतो. वर्ग तुमचा, खोली कंपनी ठरवेल ती. तरुण जोडप्यांना तो उत्तम. ज्यांना मधोमधचीच खोली हवी आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. बुकिंग करतानाच दोन पलंग वेगळे हवेत की जोडून, शाकाहारी भारतीय जेवण, आणि धक्क्यावर व्हीलचेअर, हे तिन्ही लिहून द्या. इमिग्रेशनची रांग लांबलचक असते, बाबांना तिथे व्हीलचेअरचा फार आधार झाला. दर बघताना टिप वेगळी धरा. बड्या कंपन्यांत माणशी रोजचे साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप चढतात.

विम्याचंही आधीच विचारलं. आई-बाबांचा विमा अमेरिकेपुरता होता, त्यात कॅनडा आणि जहाज धरलेलं नव्हतं, म्हणून वेगळा प्रवासविमा काढला. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल लागतं. आणि पेशंटला हेलिकॉप्टरनं हलवायची वेळ आली तर खर्च सामान्य माणसाला झेपणारा नसतो.

विमान आदल्या दिवशीचंच घ्या, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. जहाज कुणासाठी थांबत नाही. व्हँकुव्हर विमानतळावरून कॅनडा लाइन नावाची ट्रेन साधारण २५ मिनिटांत वॉटरफ्रंट स्टेशनला आणते, तिथून कॅनडा प्लेसचा धक्का चालत काही मिनिटांवर. रात्र गावात काढली, सकाळी निवांत नाश्ता करून निघालो. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमाल घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं, पासपोर्ट आणि एक गरम कपडा हातातल्या पिशवीत. इलेक्ट्रिक किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही, काढून घेतात. खोली आवरणाऱ्या भल्या माणसाकडे गरम पाण्याचा थर्मास मागितला, तो रोज पहाटे दाराशी हजर. चहा पावडर आमचीच होती.

उघडं पाणी लागलं ते रात्री. आम्ही जेवणानंतर आई-बाबांच्या खोलीत बसलो होतो. कपाटातले हँगर आधी एकमेकांना टेकायला लागले, मग टकटक वाजायला लागले. बाबांनी उठून त्यांत टॉवेल खोचला. आईनं डॉक्टरांनी दिलेली गोळी संध्याकाळीच घेतली होती, त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तरच ती नीट लागू पडते. ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. जून महिना, दहाच्या सुमाराला बाहेर अजून उजेड होता, क्षितिजाची रेघ स्वच्छ दिसत होती. "देवगडच्या बोटीत खिडकीच नव्हती गं," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळानं झोपायला गेली. सकाळी ती बुफेत सगळ्यांच्या आधी होती. आधी बिछान्यावर पसरलेले नकाशे आणि त्यावर घातलेले वाद तिथे वसूल झाले.

बंदरांबद्दल थोडक्यात. वेळापत्रकात 'टेंडर' लिहिलं असेल तर जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या होडीनं किनाऱ्यावर नेतात. गुडघ्यांना ते जड, म्हणून आम्ही जिथे जहाज धक्क्यालाच लागतं अशी बंदरं असलेली क्रूझ घेतली. जुनो, स्कॅगवे, केचिकन. बाल्कनीचे वाचलेले पैसे स्कॅगवेच्या व्हाइट पास रेल्वेवर खर्च केले. १८९८ ते १९०० या काळात बांधलेला हा तीन फुटी रुळांचा मार्ग साधारण वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढतो. बाबा नोकरीत असताना रेल्वेत होते. बोगद्यांपेक्षा ते पूल आणि त्यांचे सांधेच बघत होते.

परतीचं विमान दुपारनंतरचं ठेवा. जहाज सकाळी लागतं, पण उतरायला वेळ लागतो आणि व्हँकुव्हर विमानतळावरच पुन्हा अमेरिकेचं इमिग्रेशन असतं. महिना निवडायची मुभा असेल तर मे किंवा जून बघा, तेव्हा पाऊस त्यातल्या त्यात कमी. सप्टेंबरमध्ये दर उतरतात, पण पाऊस आणि समुद्र दोन्ही चढतात. बोट लागणारं कुणी बरोबर असेल तर ते स्वस्त तिकीट घेऊ नका.