अब्रू जाते, नामुष्की ओढवते

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की ‘सरकारवर विधेयक मागे घेण्याची नामुष्की’ अशा धाटणीचे मथळे हमखास दिसू लागतात. या मथळ्यात ‘नामुष्की’ऐवजी ‘बेअब्रू’ घालून पाहावे, वाक्य लगेच खटकते. नामुष्की ही बहुधा पदावरच्या माणसावर किंवा संस्थेवर ‘ओढवते’ आणि तिच्यामागे नाइलाजाने करावी लागलेली एखादी कृती असते; माघार, राजीनामा, जाहीर माफी. नाचक्की मात्र ‘होते’, तीही चारचौघांत, आणि तिच्यात बघ्यांच्या हसण्याचा वाटा मोठा असतो.

अब्रूचा संसार सर्वांत मोठा. फारसीतल्या ‘आब’ म्हणजे पाणी किंवा तेज आणि ‘रू’ म्हणजे चेहरा यांपासून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला, की अब्रू जाते, घेतली जाते, चव्हाट्यावर येते आणि वेशीलाही टांगली जाते. कायद्यानेही तोच स्वीकारला: ‘अब्रुनुकसानी’चा गुन्हा, जो 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे.

पत मात्र वेगळी. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्याची पत गेली म्हणजे त्याला उधारीवर माल मिळेनासा झाला, त्याच्या चारित्र्याबद्दल कोणी काही म्हणत नाही. 1956 पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या आमच्या नागपुरात, हिंदीच्या शेजारामुळे असेल, बोलताना सरसकट ‘इज्जत गेली’ म्हणतात; पण लिहिताना एवढे बारकावे एकाच शब्दात कोंबणे मला आळशीपणाचे वाटते.