गाडी भंगारात गेली, नोंदणीचे काय?

पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीत काढावीच लागते, हा समज आपल्याकडे इतका पक्का बसला आहे की चांगल्या चालत्या गाड्याही लोक मिळेल त्या भावाला काढून टाकतात. वास्तविक खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर आरटीओत पासिंग करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो, हे खरे. पण गाडी धडधाकट असेल, तर निव्वळ वयापोटी तिला मोडीत काढण्याची सक्ती महाराष्ट्रात नाही. दिल्लीतील जुन्या गाड्यांवरचे निर्बंध न्यायालयीन आदेशांतून आले, तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील गाड्यांचे नूतनीकरण थांबले ते सरकारी वाहनांचे.

माझी तळमळ आहे ती खरोखरच थकलेल्या गाडीविषयी. आपण भंगारवाल्याला बोलावतो, तो रोख पैसे मोजतो, गाडी ओढून नेतो आणि आपल्याला वाटते की विषय संपला. सरकारी दप्तरात मात्र ती गाडी आपल्याच नावावर चालू राहते. इंजिन एकीकडे, दरवाजे दुसरीकडे विकले जातात. पण चेसिस नंबराचा पत्रा आणि आरसी बुक एकत्र कुणाच्या हाती लागले, तर त्याच बनावटीच्या चोरीच्या गाडीला ती ओळख चढवता येते, आणि त्या गाडीने काही गुन्हा घडला की चौकशी आधी नोंदणीकृत मालकाच्या दारात येते. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५५ सांगते. दुचाकीलाही ते तितकेच लागू आहे.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम लागू केले, तेव्हापासून गाडी रीतसर मोडीत काढण्याचा मार्ग बराच सरळ झाला आहे. बँकेचा बोजा उतरलेला असावा लागतो आणि गाडीवर गुन्हा किंवा थकबाकी नसल्याचे मालकाला लिहून द्यावे लागते. स्क्रॅपिंग केंद्रही गाडी स्वीकारण्यापूर्वी चोरीच्या वाहनांच्या राष्ट्रीय नोंदींशी ती ताडून पाहते. बॅटरी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, एसीतला वायू, सीएनजीची टाकी, एअरबॅग हे सारे वेगळे काढून मगच सांगाडा तोडायचा असतो. रस्त्याकडेच्या शेडमध्ये हेच ऑइल बहुधा गटारात जाते, आणि माझ्या मते अधिकृत केंद्राचा आग्रह धरायला एवढे एक कारणही पुरेसे आहे. चेसिस नंबर कोरलेला तुकडा कापून सहा महिने जपून ठेवण्याचे बंधनही केंद्रावर आहे.

गाडी ताब्यात दिल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते आणि ती तोडून झाल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ व्हेईकल स्क्रॅपिंग’. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात, कारण नव्या गाडीच्या खरेदीत तेच उपयोगी पडते: त्यावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्र सरकारने खासगी वाहनांसाठी करातली ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १५ टक्क्यांचा निर्णय घेतला. तरीही दुसरे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये आणि नोंदणी रद्द झाल्याची नोंद सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर स्वतः पाहून घ्यावी. भंगारवाला कधी हजार-दोन हजार जास्त देतो, पण ही दोन कागदपत्रे तो देऊ शकत नाही.

सर्वांत जास्त अडतात त्या दिवंगत व्यक्तीच्या नावावरील गाड्या. वडिलांची स्कूटर सोसायटीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे उभी असते, टायर जमिनीला चिकटलेले असतात, आणि ती हलवायची कुणी यावर घरात एकमत होत नाही. अशा वेळी मृत्यू प्रमाणपत्र, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची लेखी संमती एकत्र ठेवूनच स्क्रॅपिंग केंद्राशी बोलावे. बँक खात्यांची आणि विम्याची कामे चालू असतानाच हेही उरकणे सोपे जाते, कारण तेव्हा सह्या करणारे सगळे जवळ असतात आणि आरसी बुक कुठल्या कपाटात आहे हे कुणाला तरी आठवत असते.